सायक्लोनमध्ये राख सोडताना

सकाळी साडेनऊला ऑफिसात आले, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि रात्रभर चाललेल्या रनची लॉग फाइल उघडली. अकरा तास ओपनफोम (प्रवाहाची गणितं करणारी संगणक-प्रणाली) राबला होता. कुठे एरर नाही, कुठे गणित फुटलेलं नाही. आणि प्रत्येक टाइमस्टेपखाली इमानेइतबारे तीच ओळ: नव्याने सोडलेली पार्सलं (कणांचे जथे), शून्य. सायक्लोनमध्ये, म्हणजे धूर गोल फिरवून त्यातली राख भिंतीकडे फेकणाऱ्या भांड्यात, राखेचा एक कणही शिरला नव्हता. रिकाम्या भांड्यात वारा फिरत राहिला आणि मी घरी निवांत झोपले होते.

कारण सापडायला दोन मिनिटं पुरली. इंजेक्शनच्या फाइलीत एसओआय नावाचा एक आकडा असतो, म्हणजे कण सोडायला कधी सुरुवात करायची ती वेळ. वायूचा प्रवाह मी आधी ४ सेकंदांपर्यंत सोडवून घेतला होता, म्हणून इथे ४ लिहिलं. पण राखेसाठी केस, म्हणजे गणिताच्या फाइलींचा संच, नव्या फोल्डरमध्ये केला होता. त्याचं घड्याळ शून्यापासून सुरू होऊन ३ सेकंदांना संपत होतं. ४ कधी वाजणारच नव्हते. ओपनफोमच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. तुम्ही ४ वाजता बोलावलंत, ३ वाजता दुकान बंद केलंत, तो काय बोलणार?

काम काय होतं ते सांगते. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात ताशी २० टन वाफेचा एक जुना बॉयलर आहे, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणारा. त्याच्या धुरातली राख आधी आठ सायक्लोनमध्ये पकडायची आणि उरलेली पुढे पाण्याने धूर धुणाऱ्या स्क्रबरमध्ये, अशी रचना. तक्रार अशी, की स्क्रबरच्या टाकीत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गाळ साचतो आणि ऐन गळीत हंगामात तो काढत बसावं लागतं. कारखान्याचा प्रश्न सोपा होता: सायक्लोनच्या मधली नळी, म्हणजे व्हॉर्टेक्स फाइंडर, १५० मिलिमीटरने लांब केली तर फरक पडेल का? जुलै चालू होता. ऑक्टोबरात बॉयलर अग्निप्रदीपनाचा नारळ फुटायच्या आत उत्तर हवं होतं, कारण एकदा गव्हाणीत मोळी पडली की चार-पाच महिने कोणी पान्हा लावू देत नाही.

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात मी तोपर्यंत तीन-चार वर्षं प्रवाहाचीच गणितं करत होते: पंप, डक्ट, हीट एक्स्चेंजर. प्रवाहात कण सोडायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं होतं. मला वाटलं, अवघड भाग वायूचा, कण काय, शेवटी सोडायचे तेवढे.

वायूचा भाग खरंच लवकर उरकला. सायक्लोन स्टेअरमंडच्या १९५१च्या प्रमाणांना धरून बांधलेला होता: व्यास १.२ मीटर, उंची त्याच्या चौपट, आत येणारं तोंड ६०० बाय २४० मिलिमीटर. आठांपैकी एकच मोजायला घेतला आणि धूर आठांत सारखा वाटला जातो असं धरलं. ते खरं नसतं, पण कुठून तरी सुरुवात करावी लागते. अशांत प्रवाहाचं साधं के-एप्सिलॉन मॉडेल इथे चालत नाही. इतक्या जोराच्या भोवऱ्यात ते अख्खी हवा एका घट्ट गोळ्यासारखी फिरवतं. म्हणून रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल घेतलं. मेश, म्हणजे गणितासाठी आतल्या जागेचे पाडलेले तुकडे, नऊ लाख सेलची, आवकेला (धूर आत येतो तिथे) वेग १६ मीटर प्रति सेकंद. दाबातली घट ६३ मिलिमीटर पाणी निघाली, कारखान्याच्या मॅनोमीटरच्या नोंदवहीत ६८ होती. सर म्हणाले, "छान. आता राख सोड."

इथे पार्सल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्याभोवती आहे. एका सायक्लोनमध्ये सेकंदाला साधारण २.३ घनमीटर धूर येतो, आणि घनमीटरमागे ३ ग्रॅम राख धरली तर सेकंदाला ७ ग्रॅम राख. चिमूटभर वाटते. पण ती सगळी १० मायक्रॉनच्या कणांची असती तर एका सेकंदात सहा-सात अब्ज कण आत आले असते. एवढे कण कोणताही संगणक एकेक करून हाकू शकत नाही. म्हणून त्यांचे जथे करायचे. एक जथा म्हणजे एक पार्सल. त्यातल्या सगळ्या कणांचा आकार एक, वेग एक, वाट एक. पार्सल एकदाच हाकायचं आणि त्याच्या पोटात किती कण आहेत तो आकडा त्याच्या पाठीवर लिहून ठेवायचा. मी सेकंदाला २०,००० पार्सलं ठेवली होती. म्हणजे १० मायक्रॉनच्या एका पार्सलमध्ये तीन लाखांवर कण, तर २०० मायक्रॉनच्या पार्सलमध्ये फक्त चाळीसेक. वजन दोघांचं सारखंच. हे "वजन सारखंच" त्या वेळी मी वाचलं आणि पुढे गेले.

एसओआय सुधारून पुन्हा रन लावला. या वेळी पार्सलं आत आली. पडद्यावर पहिल्यांदा ती रंगीत रांगोळी भोवऱ्यात फिरताना बघून मी शेजारच्या दोघांना बोलावून दाखवली. मग आकडे बघितले. जवळपास सगळी राख वरच्या नळीतून धुरासोबत निघून गेली होती. १०० मायक्रॉनचे कणसुद्धा! एवढा जाड कण सायक्लोनमधून वर जाणं म्हणजे दगड वाऱ्याने उडून जाण्यासारखं. आतला वायू ज्या वेगाने वळतो त्याचा हिशेब केला तर भिंतीजवळ कणावर गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट जोर बाहेरच्या दिशेने लागतो.

दोन दिवस मी वेग तपासले, मेश तपासली, आवकेच्या पॅचची, म्हणजे मेशच्या त्या तोंडाच्या पृष्ठभागाची, दिशा तपासली. दिशेत खरंच एक चूक सापडली: कणांचा सुरुवातीचा वेग एक्सच्या दिशेने दिला होता आणि सायक्लोनचं तोंड वायकडे होतं, त्यामुळे कण आत शिरता शिरता बाजूच्या भिंतीवर आपटत होते. ती सुधारली, पण उत्तर जागचं हललं नाही.

शेवटी दुसऱ्याच फाइलीत सापडलं. राखेसाठी वापरलेला सॉल्व्हर प्रवाह पुन्हा सोडवत नाही, आधी सोडवलेला तयार प्रवाह घेऊन त्यात फक्त कण हाकतो. वायूचं गणित असंपीड्य (दाबाने आकसत नाही असं) धरून केलेलं असल्यामुळे त्यात घनता कुठेच येत नाही. पण कणावरचा ओढ-जोर काढायला वायूची घनता लागते. ती वेगळी लिहून द्यायची असते, ऱ्हो-इन्फ या नावाने. मी तो केस एका सहकाऱ्याच्या जुन्या कामावरून उचलला होता. त्याचं काम पाण्यातल्या वाळूचं. तिथे १००० होतं, इथेही १००० राहिलं. १५० अंशांच्या धुराची घनता ०.८३च्या आसपास असते. म्हणजे माझी राख धुरात नव्हे, तेलासारख्या दाट कशात तरी तरंगत होती, आणि ते तेल तिला हाताला धरून थेट वर घेऊन जात होतं. आकडा बदलायला पाच सेकंद लागले.

(दुसऱ्याचा केस उचलण्याबद्दल मला अजूनही पश्चात्ताप नाही. सगळे तेच करतात. ओपनफोम २००४मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हापासून निम्मं जग कुणाच्या तरी जुन्या फोल्डरवर चाललंय. फक्त फाइलीत नसलेली गोष्ट जेवढी चटकन जाणवते, तेवढी फाइलीत असलेली चुकीची गोष्ट जाणवत नाही.)

एका ठिकाणी मात्र ओपनफोमने तोंड उघडलं. भिंतीला कण लागला की काय करायचं, हे प्रत्येक पॅचसाठी सांगावं लागतं: उसळायचं, चिकटायचं की बाहेर गेला म्हणून मोजायचं. मी हॉपर, म्हणजे सायक्लोनखाली राख जमते ते भांडं, त्याच्या पॅचचं नाव लिहायला विसरले, तर त्याने रन सुरूच केला नाही. नाव नसेल तर अडवतो, आकडा खोटा असेल तर नाही. भिंतींना उसळणं दिलं, वरच्या नळीच्या तोंडाला आणि खाली हॉपरला बाहेर जाणं. वर गेलं ते सुटलं, खाली गेलं ते पकडलं.

तिसऱ्या रनचं उत्तर आलं: ९९.६ टक्के राख पकडली गेली. मी खूश. व्हॉर्टेक्स फाइंडर लांब करून चौथा रन केला, ९९.७. अहवालाची पहिली दोन पानंही लिहून काढली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून ते पान वाचलं आणि म्हणाले, "अगं, हजारातली चारच ग्रॅम राख पुढे जात असेल तर या लोकांनी आपल्याला बोलावलं कशाला?"

मी म्हटलं, "सर, साइटवर काहीतरी बिघाड असेल."

"असेल. पण आधी आपल्याकडे बघ. किती मायक्रॉनची किती राख सोडलीस ते मला वजनात दाखव."

वजनात दाखवायला गेले आणि सगळं उघडं पडलं.

कारखान्याने राखेचा चाळणी-अहवाल दिला होता: ५००, २५०, १५०, ९० आणि ४५ मायक्रॉनच्या चाळण्या आणि सगळ्यात खाली पॅन. त्या आकड्यांवरून मी रोझिन-रॅमलरचा वक्र बसवला होता. रोझिन आणि रॅमलर यांनी १९३३मध्ये दळलेल्या कोळशाच्या बारीकपणासाठी काढलेलं हे सूत्र आजही तसंच वापरलं जातं. त्यात दोनच आकडे लागतात. एक आकार, ज्यापेक्षा ३६.८ टक्के माल जाड असतो, आणि दुसरा घातांक, जो पसारा किती ते सांगतो. माझे आले ९५ मायक्रॉन आणि १.३. हे दोन आकडे मी फाइलीत बरोबर लिहिले होते.

पण त्याच फाइलीत दहा ओळी वर, पार्सल कशाच्या हिशेबाने भरायचं, असा एक पर्याय असतो: वजनाच्या हिशेबाने किंवा प्रत्येक पार्सलमध्ये ठरावीक कण. तिथे "ठरावीक" होतं आणि कणांची संख्या १. तेसुद्धा त्या वाळूच्या केसमधून आलेलं. आता बघा काय होतं. चाळणीचा वक्र वजनाचा असतो: शंभर ग्रॅम राखेत २० मायक्रॉनपेक्षा बारीक बारा ग्रॅम. माझ्या सेटअपने तोच वक्र कणांच्या संख्येचा समजला: शंभर कणांत बारा कण बारीक. बारीक बारा कणांचं वजन ते किती! आकाराच्या घनाने वजन वाढतं. २०० मायक्रॉनचा एक कण १० मायक्रॉनच्या आठ हजार कणांना भारी. हिशेब केला तर मी सोडलेल्या राखेत २० मायक्रॉनखालचा माल वजनाने दहा हजारांत एक-दीड भाग होता. बारा टक्क्यांच्या जागी. जो माल सायक्लोनला जड जातो, तो मी जवळजवळ सोडलाच नव्हता. भाकरीच्या पिठाची चाळणी चांगली आहे का हे बघायला तिच्यात गारगोट्या घालून बघितल्यासारखं.

वजनाचा पर्याय घातला, एकूण वजन ७ ग्रॅम आणि कालावधी १ सेकंद दिला. पकड आली ९४ टक्के. एक शब्द बदलला आणि सुटणारी राख पंधरापट झाली. लॉग फाइल दोन्ही वेळा तेवढीच शांत.

तरीही कारखान्याचा अनुभव आणि ९४ जुळत नव्हते. सर म्हणाले, "जाऊन ये एकदा." ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस धो-धो कोसळत असताना, मी कारखान्यात पोचले. हंगाम नसताना साखर कारखाना बघायचा म्हणजे लग्न आटोपलेल्या मांडवात गेल्यासारखं: सगळीकडे उघडी पडलेली यंत्रं, वेल्डिंगचा वास, भिंतीला टेकवलेले रोलर. सिव्हिलच्या साहेबांनी मला बॉयलरवरच्या एका वयस्कर माणसाच्या हवाली केलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत होते. तीसेक हंगाम त्यांनी त्या बॉयलरसमोर काढलेले.

मी त्यांना नमुना कुठून घेतला होता ते विचारलं. त्यांनी सायक्लोनखालचं हॉपरचं तोंड दाखवलं. "हितनं. पिशवीत भरून दिलती."

मला अजून लक्षात आलं नव्हतं. अण्णांच्या मात्र आलं. "मॅडम, ही खालची राख हाय. वरची गेली की वर. ती पिशवीत कशी यील?"

मी तिथेच पायरीवर बसले. प्रयोगशाळेने ज्या राखेची चाळणी केली, ती सायक्लोनने आधीच पकडलेली राख होती. जी सुटली ती नमुन्यात असणारच नाही. आणि मी हाच नमुना आवकेचा समजून पुन्हा सायक्लोनमध्ये सोडला होता. पास झालेल्या मुलांनाच परत परीक्षेला बसवून निकाल ९४ टक्के लावला, असं ते झालं.

आवकेच्या डक्टमधून नमुना घ्यायचा तर धुराच्या वेगाशी जुळवून नळीने ओढून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी बॉयलर चालू हवा. तो होता बंद. दुसरा मार्ग म्हणजे स्क्रबरच्या टाकीतला गाळ वाळवून त्याचा नमुना घ्यायचा आणि हॉपरच्या नमुन्यात योग्य प्रमाणात मिसळायचा. पण योग्य प्रमाण कोणतं? खाली किती पडली आणि पुढे किती गेली, तेच प्रमाण. म्हणजे जे शोधायचं तेच आधी माहीत हवं. अण्णांनी कपाटातून ट्रॉल्यांची वही काढून दिली: गेल्या हंगामात हॉपरखालून किती ट्रॅक्टर-ट्रॉल्या कोरडी राख गेली आणि टाकीतून किती ट्रॉल्या ओला गाळ. गाळातलं पाणी अंदाजाने वजा केलं, तर सुमारे पाचवा हिस्सा राख सायक्लोनमधून निसटत होती. अंदाज ढोबळच, ट्रॉली कधी शिगोशीग तर कधी अर्धी भरलेली. पण ९९.६ म्हणणाऱ्या माझ्या अहवालापेक्षा ती वही नक्कीच जास्त खरी होती.

अण्णांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हॉपरमधली मूठभर राख बादलीतल्या पाण्यात टाकली. "बुडतीया व्हय बघा." बरीचशी बुडाली नाही. काळी, हलकी, पापुद्र्यासारखी तरंगत राहिली. बारीक राखाडी भाग तेवढा तळाला गेला. "ही राख न्हवं मॅडम, पिसं हाईत पिसं."

प्रयोगशाळेच्या कागदावर घनता २,१०० किलो प्रति घनमीटर होती, आणि ती खोटी नव्हती. पण ती कणातल्या पोकळ्या वगळून मोजलेली, निव्वळ पदार्थाची घनता. अर्धवट जळलेल्या बगॅसचा तुकडा आतून स्पंजासारखा असतो. धुरात उडताना तो पोकळ्यांसकट उडतो. त्याला हाकायचं तर पोकळ्यांसकटची घनता हवी, आणि ती पाण्यापेक्षा कमी होती हे बादलीने सांगितलं. वर तो गोलही नव्हता. गोलासाठीचं शिलर-नाउमानचं सूत्र त्याला कमी ओढ लावतं, चपट्या कणाला ती जास्त लागते.

पुण्याला परतताना बसमध्ये मी वहीच्या मागच्या पानावर इंजेक्शनच्या फाइलीतला एकेक आकडा उतरवून काढला आणि प्रत्येकापुढे तो कुठून आला ते लिहायला लागले. सात आकडे. त्यांतल्या चारांपुढे लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

परत आल्यावर पहिला निर्णय घेतला तो मिश्र राख सोडायचीच नाही. ३, ५, ७, १०, १४, २०, २८, ४०, ६०, १००, १५० आणि २५० मायक्रॉन, असे बारा आकार ठरवले आणि प्रत्येक आकाराची पार्सलं वेगळी सोडून त्या आकाराचे किती टक्के पकडले गेले ते मोजलं. यातून जो वक्र मिळतो तो सायक्लोनचा स्वतःचा. आवकेला कोणती राख येते यावर तो अवलंबून नाही. राखेचा वक्र उद्या मिळो की परवा, दोन्हींचा गुणाकार करून एकूण पकड कागदावर काढता येते. रन एकदाच. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

दुसरं म्हणजे राख दोन प्रकारची धरली. काळे पापुद्रे, घनता ७००, गोलपणा कमी. आणि राखाडी भुकटी, घनता २,१००, गोल. ओपनफोमच्या त्या आवृत्तीत एका क्लाउडला, म्हणजे एकत्र हाकायच्या पार्सलांच्या समूहाला, एकच घनता देता येते, इंजेक्टर मात्र हवे तेवढे. त्यामुळे एकाच रनमध्ये दोन इंजेक्टर लावून भागलं नाही, दोन स्वतंत्र रन करून बेरीज केली. तसं करता आलं, कारण राखेचा धुरावर उलट परिणाम होत नाही असं धरलं होतं. धुराच्या वजनात राख अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. आकारमानाने दशलक्षात थोडेसेच भाग, म्हणजे उलट परिणाम धरावा लागतो त्या उंबरठ्यावरच. सरांशी यावर वाद झाला, शेवटी दोघांनी मिळून उलट परिणाम धरूनही एक रन केला. फरक दिसला नाही आणि विषय मिटला.

तिसरी गोष्ट, गडबड. भोवऱ्यातली अशांतता कणाला सतत धक्के देत असते, पण आपण सोडवलेला प्रवाह सरासरीचा असतो, त्यात ते धक्के नसतात. ते वेगळे, फासे टाकल्यासारखे द्यावे लागतात. तो पर्याय बंद होता तेव्हा वक्र भिंतीसारखा उभा होता: ९ मायक्रॉनखालचं सगळं वर, त्यावरचं सगळं खाली. चालू केल्यावर तो तिरका झाला, ५ मायक्रॉनचेही काही पकडले जायला लागले आणि २० मायक्रॉनचे काही सुटायला. खरे सायक्लोन असेच वागतात. हा पर्याय भिंतीजवळ जरा जास्तच धक्के देतो हे माहीत असूनही तो चालू ठेवला.

शेवटचा त्रास सगळ्यात चिवट होता. काही पार्सलं ना वर गेली ना खाली. शंकूच्या मधोमध एक कडं करून ती गोल गोल फिरत राहिली. धूर सायक्लोनमध्ये सरासरी दीड-पावणेदोन सेकंद राहतो, मी बारा सेकंद वाट बघितली, तरी वजनाने तीन टक्के माल तिथेच. त्याला पकडलेला म्हणायचं की सुटलेला? पकडलेला म्हटलं की आकडा देखणा होतो. मी दोन्ही आकडे अहवालात लिहिले. खऱ्या सायक्लोनच्या शंकूत अशीच कडी बसते आणि तिथलाच पत्रा आधी झिजतो, हे अण्णांनी फोनवर सांगितलं. त्यांनी त्या उंचीवर दोनदा ठिगळ मारलं होतं.

त्याच फोनवर त्यांनी सहज म्हटलं, "खालच्या फ्लॅपातनं वारं वढतंय, त्ये धरलंय न्हवं?" नव्हतं धरलं. सायक्लोनपुढे ओढणारा पंखा असल्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. हॉपरखालचे फ्लॅप (राख बाहेर सोडणाऱ्या झडपा) झिजले असतील तर बाहेरची हवा खालून वर शिरते आणि पकडलेली बारीक राख पुन्हा भोवऱ्याच्या पोटात उचलून नेते. माझ्या गणितात हॉपर वायूसाठी बंद होता आणि कणांसाठी विहीर: पडला की संपला. आवकेच्या ५ टक्के हवा खालून आत येते असं धरून प्रवाह पुन्हा सोडवला आणि राख पुन्हा सोडली. फ्लॅप घट्ट असताना, गाळ मिसळून काढलेल्या आवकेच्या राखेवर, पकड ८३ ते ८६च्या मध्ये येत होती. फ्लॅप गळके धरल्यावर ती ७० च्या घरात घसरली. व्हॉर्टेक्स फाइंडर १५० मिलिमीटरने वाढवून मिळत होता जेमतेम एक टक्का.

अहवालात शिफारस फ्लॅपची गेली, नळी लांबवायची नाही. कारखान्याला ते फारसं आवडलं नाही. नळी लांब करणं हे दिसणारं काम असतं, फ्लॅप बदलणं हे नेहमीचं दुरुस्तीचं. पण खर्च कमी होता, म्हणून झालं.

जानेवारीत, बॉयलर पुऱ्या दमात चालू असताना, आवकेच्या डक्टमधला नमुना अखेर मिळाला. ४५ मायक्रॉनखालचा भाग या वेळी चाळणीच्या पॅनमध्ये सोडून न देता लेझरने मोजून घेतला. रोझिन-रॅमलरचे आकडे आले ५२ आणि १.०, हॉपरच्या नमुन्यापेक्षा कितीतरी बारीक. वक्र तयारच होता, गुणाकार दहा मिनिटांत झाला.

इंजेक्शनच्या फाइलीत आता प्रत्येक आकड्यासमोर एक टिपणीची ओळ आहे. आकारांपुढची ओळ त्या दिवशी बदलली: "हॉपरचा नमुना, आवकेचा नाही" खोडून "आवकेचा डक्ट, जानेवारी" लिहिलं. धुराच्या घनतेपुढे तापमान आहे. पार्सलच्या हिशेबापुढे "वजन, कारण चाळणी वजनाची". पापुद्र्यांच्या घनतेसाठी अजून चांगलं मोजमाप मिळालेलं नाही, तिथे पहिल्यापासून आहे तेच आहे: "७००, अंदाज. अण्णांची बादली, ऑगस्ट."